नवी घोडी मोकळी सोडताना एकटी सोडू की बाकीच्यांबरोबर?

माणगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं आधीपासून एक खस्सी केलेला म्हातारा काठियावाडी घोडा आणि एक तट्टू आहे, दोघंही गरीब. आता सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, सहा वर्षांची, चालीला एक नंबर. पण आधीच्या मालकानं तिला वरातीत नाचवलंय आणि बाकी वेळ अगाडी-पछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधलेली, मोकळं फिरायची सवयच नाही. सोबत सोडली की कान मागं पाडून तट्टूवर धावते, त्याला कोपऱ्यात गाठून दुगाण्या झाडते, परवा त्याच्या मांडीवर नालेचा वळ उठला. एकटी सोडली तर कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालून घामानं निथळते, खिंकाळत राहते, कडब्याला तोंड लावत नाही. जागा वीस गुंठे, तीन बाजूंनी काटेरी तार, एका बाजूला दगडी ताल, म्हणजे बांध. घरचे म्हणतात खोडील आहे, एकटीच ठेवा. माझं मन होत नाही. काय करू?

पागेवाला:
दादा आधी ती काटेरी तार काढा, एकटी की दुकटी ते नंतर बघू. पळतं घोडं तारेत गेलं की कातडं सोलून निघतं आणि घोड्याला धनुर्वात पटकन होतो, लस झालीय का तेही विचारून घ्या. लाकडी आडव्या दांड्या नाहीतर रुंद पट्टीची झटका मशीनची तार लावा. तिच्या मागच्या दोन नाला उतरवा. बिननालेची लाथ लागली तरी हाड मोडायची भीती बरीच कमी. आणि जिथं ती तट्टूला गाठते ना, त्या कोपऱ्यात तिरका बांबू टाकून कोपराच बुजवा. पळायला वाट असेल तर गरीब जनावर निघून जातं, विषय तिथंच संपतो.

जनावरांचा डॉक्टर:
यात्रेतून आणलेलं जनावर खरं म्हणजे दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं असतं, बादली, खरारा सगळं वेगळं, मात्र दुसरी घोडी लांबून दिसतील असं. तुमची मिसळलीच आहेत तर आता तिघांचाही रोज ताप बघा. जबड्याखाली गाठ आली, नाकातून पू आला तर लगेच डॉक्टर. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या, तो माणसालाही होतो, टाळाटाळ नको.
दुसरं, तोंड उघडून बघा. नाचवलेल्या घोड्यांना कित्येकदा काटेरी लगाम घातलेला असतो, जीभ आणि ओठांच्या कडांना जुन्या जखमा असतात. दाढांना धार आलेली असते, पाठ दाबली की अंग चोरतात. दुखणाऱ्या जनावराला कुणी जवळ आलेलं नको असतं, मग लोक त्याला खोडील म्हणतात. माजाच्या तारखाही लिहून ठेवा, साधारण २१ दिवसांनी तोच त्रास येतोय का कळेल.

रानवाटा:
ताप वगैरे काही नसेल तर माझं स्पष्ट मत, एकटी ठेवू नका पण तिघंही एकदम नकोत. आधी मधे कुंपण ठेवून शेजारी शेजारी सोडा. नाकाला नाक लावून किंचाळतील, पुढचा पाय आपटतील, ते चालायचंच. दोघं कुंपणालगत शांत चरायला लागले की मग फक्त म्हाताऱ्याला तिच्यात सोडा, तट्टूला नाही. म्हातारा समजूतदार असेल तर नुसत्या कानानं तिला शिस्त लावेल. त्यांचं जमलं की तट्टू, आणि तिघांना चाऱ्याचे ढीग चार-पाच, लांब लांब टाका. भांडणं निम्मी चाऱ्यावरूनच असतात. आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, तर प्रत्येकाला बांधूनच द्या.

घाटमाथा:
ताई, तुमचं पटतं पण वीस गुंठ्यात तीन म्हणजे दाटीच. काही घोडी खरंच कुणाला टिकू देत नाहीत. तिथं एकाचा पाय मोडण्यापेक्षा शेजारच्या वाफ्यात, दिसतील अशी, पण वेगळी हेच बरं. एकटी म्हणजे नजरेआड नाही. आमच्याकडं एकीबरोबर शेळी ठेवली होती, दोघींचं छान जमलं. गाढव ठेवणार असाल तर आधी जंताचं औषध द्या, त्याच्याकडून फुफ्फुसाचे जंत येतात.

रानवाटा:
@घाटमाथा वेगळी पण दिसेल अशी, याला माझी ना नाहीच. कान पाडणं, शेपूट झटकणं, एकदा धावून जाणं ही त्यांची बोलायची पद्धत. समोरचा बाजूला झाला तरी पाठलाग सुटत नसेल, दुसऱ्याला पाणी पिऊ देत नसेल, तर मात्र वेगळीच.

माणगंगाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. नालबंदाला उद्याच बोलावलंय. आत्ता बॅटरीच्या उजेडात तोंड बघितलं, डाव्या बाजूला जिभेवर जुना चिरा आहे, जवळजवळ बोटभर. डॉक्टर, याच्यावर आता काही उपचार असतो का, की लगामच बदलायचा? तोवर मधे बांबू लावून म्हाताऱ्याशेजारी ठेवतो.

जनावरांचा डॉक्टर:
भरून आलेला चिरा असेल तर औषध नको. तिच्यावर बसणं सध्या पूर्ण बंद, काटेरी लगाम फेकून द्या आणि दाढा घासून घ्या. जिभेला सूज किंवा तोंडाला वास असेल तर मात्र थांबू नका, जवळच्या पशुवैद्यकाला दाखवा.