मदत हवी आहे : तारा लावताना दात बाजूने घासून घेतलेत का कोणी?

नमस्कार मंडळी, मी मुलुंडची. लेक १७ वर्षांची. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत म्हणून सात महिन्यांपासून तारा आहेत. काल डॉक्टर म्हणाल्या, दात काढायला नको, पुढच्या दातांच्या मधल्या बाजू बारीक पट्टीने किंचित घासून जागा करू. दोन दातांमध्ये मिळून जास्तीत जास्त अर्धा मिलीमीटर, मग पॉलिश आणि फ्लोराइड.

दात वाचतोय याचा आनंद आहेच. पण इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, एकदा गेलं की पुन्हा येत नाही, तिथे माझा जीव अडकलाय. डॉक्टर सगळं नीट समजावतात, शंका त्यांच्यावर नाही. तरी, ज्यांनी हे तीन-चार वर्षांपूर्वी करून घेतलं, त्यांना आता थंड पाण्याने सणक येते का? घासलेल्या जागी कीड लागली का?

आणखी एक. दुसरं मत घ्यायचंय. मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल की सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय? तारांच्या विभागात नंबर कुठे लवकर लागतो? किती वाजता पोहोचावं? तिची बारावी आहे, एकाच फेरीत काम झालं तर फार बरं. शनिवारी पुढची अपॉइंटमेंट आहे, त्याआधी कळवाल का?