'सिली': पुण्यवानाचा मूर्ख कोणी केला?

निवांत_नाना: सिली पॉइंट, सिली मिडऑफ ऐकतच आपण मोठे झालो. फलंदाजाच्या पुढ्यात उभं राहायचं, म्हणजे वेडगळपणाच. पण जुन्या इंग्रजीतला मूळ शब्द 'गेसेलिग', अर्थ सुखी, भाग्यवान. पुढे तो 'सीली' झाला आणि अर्थ घसरत गेला: पुण्यवान, निष्पाप, बिचारा, दुबळा, आणि १६व्या शतकापर्यंत चक्क मूर्ख. बाजारात चलाखीला भाव आला आणि सरळमार्गी माणूस बावळट ठरला, असं माझं ठाम मत. जर्मनमधला सख्खा भाऊ 'झेलिग' बघा, आजही धन्यच आहे.

पायरीचिरा: जर्मनांना एवढ्यात प्रमाणपत्र देऊ नका. त्यांचा 'आल्बर्न' एकेकाळी दयाळू होता, आज बावळट आहे. आणि 'नाइस'चं काय करता? लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे अज्ञानी. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा अर्थ मूर्ख. मग नखरेल, चोखंदळ, काटेकोर असं करत १८व्या शतकात छान, सुखद. तुमच्या त्याच चलाख समाजाने या मूर्खाला डोक्यावर घेतलं की!

निवांत_नाना: एक चढला म्हणून दुसरा घसरलाच नाही, असं होत नाही.

उंबरठा: घसरला हो, पण कारण तुमचं नाही. मधली 'बिचारा' ही पायरी तुम्ही पटकन ओलांडलीत, सगळी गंमत तिथेच आहे. शेक्सपिअरच्या 'सिली' मेंढ्या मूर्ख नाहीत, असहाय आहेत. त्याच्या दोनशे वर्षं आधी चॉसर एका सुताराला 'सीली' म्हणतो. त्या सुताराला त्याची बायको फसवते. आपल्याला त्याची कीव येते आणि हसूही येतं. ज्याची कीव करतो त्याला कमी लेखायला वेळ लागत नाही. आपल्याकडेही 'कोण हा महाभाग?' विचारणाऱ्याच्या मनात भाग्याचा विचार असतो का?

निवांत_नाना: महाभाग हा उपरोध झाला. 'देवानांप्रिय' घ्या. ज्याच्या लेखांचे तुकडे नालासोपाऱ्यातही सापडले, त्या अशोकाची ही पदवी. पुढच्या व्याकरणकारांनी अर्थ दिला मूर्ख! हे आपोआप झालं म्हणता?

उंबरठा: तिथे बौद्धांवरचा राग होता, असं काहींचं म्हणणं आहे. धरू या. पण इंग्रजांचा सुतारावर आणि मेंढ्यांवर कसला राग?

गल्लीतला_गावसकर: विषयांतर करतो. सोलकर हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा, २७ कसोटींत ५३ झेल. जागेच्या नावात 'सिली' नाही, पण जोखीम तीच. अशा जागी उभा राहणारा मूर्ख वाटतो का कोणाला? मैदानावर तरी हा शब्द सावरलाय.

निवांत_नाना: मैदान सोडा. स्कॉटलंडच्या लोककथांत 'सीली' पऱ्या भल्या, 'अनसीली' दुष्ट. लंडनच्या बाजारापासून लांब राहिलेल्या बोलीत जुना अर्थ टिकला.

पायरीचिरा: बाजार फ्रँकफर्टलाही होता, नाना. 'झेलिग' टिकला तो चर्चमुळे, आणि दिवंगतांच्या नावाला तो लावतात म्हणून, आपल्या 'कैलासवासी'सारखा. गेलेल्या माणसाला मूर्ख कोण म्हणणार?