शेवटच्या दोन सेकंदांतली मशीनची बोली: चालू द्यायची की लिलावाची वेळ वाढवायची?

भुसावळ_जंक्शन

खानदेशातल्या जुन्या रेल्वेच्या वस्तू इथे फारशा मिळत नाहीत. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आलेले साहेब लोक परत जाताना फोटो, पोस्टकार्डं, नकाशे सगळं बरोबर घेऊन गेले आणि आता ते त्यांच्या नातवंडांच्या घरातून निघतं. मध्यंतरी भुसावळ स्टेशनचं एक फोटो-पोस्टकार्ड ईबे या परदेशी साइटवर लिलावाला आलं. फलाटाच्या लोखंडी खांबांमागे पाण्याची टाकी, पाठीमागे पेन्सिलीनं खरडलेल्या चार ओळी. आठवडाभर माझीच बोली वर होती. इंग्लंडचे विक्रेते बहुधा रविवारी रात्री आठची वेळ ठेवतात, उन्हाळ्यात ते आपल्याकडचे साडेबारा होतात. मी जागा होतो. दोन सेकंद राहिले, आकडा बदलला, लिलाव बंद. आणखी पैसे द्यायची माझी तयारी होती. ते सांगायला वेळच मिळाला नाही.

ही बोली कुणी हातानं लावत नाही. 'स्नायपर' म्हणतात त्या सेवेला वस्तूचा नंबर, जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा आणि किती सेकंद आधी ते एकदा सांगून ठेवायचं. पुढचं काम तिचा सर्व्हर करतो. ईबेच्या नियमांत याला बंदी नाही, हे मला माहीत आहे. बंदी घाला असं माझं म्हणणंही नाही, कारण हात कुणाचा आणि मशीन कुणाचं हे ओळखणार कसं?

माझं म्हणणं नियमाबद्दल आहे. वेळ घड्याळाच्या काट्यावर कापून टाकली की लिलाव किमतीचा राहत नाही, वेगाचा होतो. शेवटच्या 5 मिनिटांत बोली आली तर वेळ आपोआप 5 मिनिटं पुढे गेली पाहिजे. यात नवीन काही नाही. अ‍ॅमेझॉनचे लिलाव चालू होते तेव्हा तिथे शेवटच्या बोलीनंतर 10 मिनिटं शांत गेल्याशिवाय लिलाव संपत नसे. आल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी दोन्ही ठिकाणच्या बोली तपासून 2002 मध्ये निबंध छापला. ईबेवर शेवटच्या क्षणी बोलींची झुंबड, अ‍ॅमेझॉनवर ती खूपच कमी. त्यातही ईबेवर माणूस जितका मुरलेला तितका उशिरा येणारा आणि अ‍ॅमेझॉनवर नेमकं उलट. म्हणजे माणसं तीच, खोड नियमाची आहे.

तांब्याचं_नाणं

मी जळगावचा, नाणी जमवतो आणि स्नायपर वापरतो. उघडपणे सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पहिली गोष्ट. ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता, ती कुणाला दिसत नाही आणि यंत्रणा तुमच्या वतीनं लागेल तेवढीच बोली चढवते. माझी कमाल 5000, तुमची 3200 आणि टप्पा 100 चा असेल, तर मला वस्तू 3300 ला मिळते. तुम्ही आधीच 5500 टाकले असते तर माझं मशीन शेवटच्या सेकंदाला येऊन हात हलवत परत गेलं असतं. दुसऱ्या नंबरच्या बोलीवर किंमत ठरत असेल तर मनातली खरी किंमत सांगण्यातच हित आहे, हे विल्यम विकरी यांनी 1961 मध्येच मांडलंय. खरी किंमत आधी सांगणाऱ्याचं स्नायपर काहीही बिघडवू शकत नाही. बिघडतं ते शंभर-शंभरनं चढवत बसणाऱ्याचं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तुम्ही सांगितलेल्या निबंधातच ती आहे. ईबेवर संगणकांपेक्षा जुन्या-पुराण्या वस्तूंच्या लिलावात उशिराच्या बोली जास्त दिसल्या. का? कारण जुन्या वस्तूत जाणकाराची बोली हीच एक माहिती असते. एक उदाहरण देतो. तांब्याचं जाड नाणं, विक्रेत्यानं नुसतं 'भारतीय, जुनं' लिहिलेलं, फोटो पिवळ्या उजेडातला. कडेला नाव अर्धं तुटलेलं. पण फारसी अक्षरांची ओळख असेल तर उरलेल्या रेघांवरून कळतं की टांकसाळ बुऱ्हाणपूरची आहे. मी सोमवारी बोली लावली तर मंगळवारी दहा जण तिथे, कारण माझ्या खात्यावर लक्ष ठेवणारे आहेत. ते फोटो बघत नाहीत, मी कुठे थांबलो ते बघतात. खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांचं तांबं तर क्वचितच बाजारात येतं. थाळनेर, बुऱ्हाणपूर, असिरगड हा आपल्या प्रदेशाचा इतिहास ओळखायला मी वर्षं घातली. तो अभ्यास फुकट वाटून टाकायचा का?

आणि खोट्या बोल्या? विक्रेत्याचाच माणूस दुसऱ्या खात्यावरून बोली चढवत तुमची कमाल चाचपतो. आठवडा असेल तर चाचपायला आठवडा मिळतो, दोन सेकंदांत नाही. तुमच्या मुदतवाढीत त्याला पुन्हा वेळ मिळणार.

साक्रीकर

भाऊ, तुमनं म्हननं खरं शे, पन आमना गावमा लाईटच टिकत नही. रात्री साडेबाराला जागायचं आणि नेमकी तेव्हाच लाईन जाते, मग टॉवरही बसतो. मुदत पाच मिनिटं वाढवा नाहीतर पंधरा, मी जोडलेलाच नसेल तर मला काय उपयोग? मशीनचा सर्व्हर तिकडे चालू असतो म्हणून तर मी शहरातल्या माणसाच्या बरोबरीनं बोली लावू शकतो. सकाळी उठून शेतात जायचं असतं. मशीन शहरवाल्यांची चैन आहे असं कुणी समजू नये.

आडतवाला

अमळनेरला धान्याच्या लिलावात उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो. ढिगावर पुकारा होतो, एक वार, दोन वार, आणि 'तीन' तोंडातून निघण्याआधी कुणी पाच रुपये वाढवले की मोजणी पुन्हा एकपासून. सगळ्यांनी थांबायचं, ढिगात हात घालायचा, परत विचार करायचा. भुसावळकर मागतायत तो नियम हाच आहे. हरभरा विकायला आलेल्या माणसाला माहीत असतं की त्याचा माल घड्याळामुळे स्वस्तात गेला नाही.

नाणेवाले भाऊ, तुमच्या सगळ्या बोलण्यात घेणाराच आहे. विकणारा कुठे आहे? दोघांची खरी तयारी पाच-पाच हजारांची आणि वस्तू तेहतीसशेला सुटली, तर सतराशेचा फटका कुणाला बसला?

तांब्याचं_नाणं

आडतवाले भाऊ, दोघांची तयारी पाच हजारांची असेल आणि दोघांनीही ती टाकली असेल, तर वस्तू पाच हजारालाच जाते, ज्याची बोली आधी नोंदली गेली त्याला. तेहतीसशेला सुटते ती एकानं मनातलं सांगितलं नाही म्हणून. शिवाय तुमच्या लिलावात ढीग समोर असतो, प्रत्येकाला दाणा हातात घेता येतो. नाण्याच्या फोटोत तसं नसतं. तिथे जाणकाराचं डोकं वापरूनच बाकीचे भाव ठरवतात.

भुसावळ_जंक्शन

'मनातली खरी किंमत' हे पुस्तकात ठीक आहे. त्या पोस्टकार्डाची किंमत माझ्या मनात आधीपासून कोरलेली नव्हती. बाजारात ते परत कधी येणार, दुसऱ्या कुणाला ते इतकं हवंय का, हे समोरच्या बोल्यांवरूनच समजतं. सोनं घेताना आपण भाव बघून जातो. एकुलत्या एक वस्तूला भाव कुठे लिहिलेला असतो? माणूस बोली बघत बघत स्वतःची किंमत शोधतो आणि तो हक्क त्याला मिळायला हवा.

खोट्या बोलीचा मुद्दा गंभीर आहे. पण ती फसवणूक आहे, ती साइटनं पकडावी. चार लबाड विक्रेत्यांसाठी सगळ्या विक्रेत्यांना कमी भावाची शिक्षा कशाला?

आणि तुमच्या बुऱ्हाणपूरच्या नाण्याबद्दल. अभ्यास तुमचा, मान्य. पण तो विक्रेता म्हणजे बहुतेक वेळा आजोबांची पेटी उघडणारा कुणीतरी असतो. त्याला आपण काय विकतोय हे कळायची एकच वाट आहे, चार जाणकारांनी उघड चढाओढ करणं. ती वाट तुम्ही मुद्दाम बंद करता. मला हे पटत नाही.

वकीलबाई_धुळे

बँकांच्या ई-लिलावांत अशिलांबरोबर बसावं लागतं, म्हणून मुदतवाढीची दुसरी बाजू सांगते. सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जापायी बँकेनं जप्त केलेल्या मालमत्तांच्या जाहिराती वाचा, अनेकींत 'प्रत्येकी 5 मिनिटांची अमर्याद मुदतवाढ' असं छापलेलं असतं. तिथे शेवटच्या सेकंदाला येऊन कुणी काही साधू शकत नाही आणि ते योग्यच आहे. कर्जदाराची मालमत्ता आहे, तिला पूर्ण भाव मिळालाच पाहिजे.

पण त्या पाच-पाच मिनिटांत माणसाचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. घरून ठरवून आलेला आकडा मागे पडतो. समोर कोण आहे माहीत नसतं, फक्त पडद्यावरचा आकडा चढतो आणि 'आता सोडायचं नाही' हे डोक्यात बसतं. अशील कागदावर लिहून आणतात ती मर्यादा मी त्यांच्यासमोर ठेवते, तरी हात पुढे जातो. बोली सुटल्यावर अनामत धरून 25 टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे आणि उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून साधारण 15 दिवसांत. नाही भरली तर आधीचे पैसे जप्त. कर्ज मंजूर व्हायला तेवढे दिवस पुरत नाहीत. स्नायपरचा एक गुण मान्य करावा लागेल, शांत डोक्यानं ठरवलेला आकडा तो ओलांडत नाही.

साक्रीकरांना मात्र एक सांगते. अशा बऱ्याच सेवा तुमच्या खात्याचा पासवर्ड मागतात. खात्याला पैशांचं साधन जोडलेलं असेल तर तो तिऱ्हाईताला देताना दहादा विचार करा. सर्व्हर तुमचा नाही, उद्या गडबड झाली तर तक्रार कुणाकडे नेणार?

साक्रीकर

हे लक्षात आलं नव्हतं, ताई. त्या साइटसाठी वेगळं खातं आणि कमी मर्यादेचं कार्ड ठेवतो. पण मशीन सोडणार नाही. त्याच्याशिवाय मी लिलावातच नसतो.

तांब्याचं_नाणं

वकीलबाईंच्या जप्त घराला आणि माझ्या नाण्याला एकच नियम लावायचा हट्ट नको. जपानच्या याहू लिलावात विक्रेत्यालाच निवड दिलेली आहे. त्यानं मुदतवाढ चालू ठेवली तर शेवटच्या 5 मिनिटांत भाव चढला की वेळ 5 मिनिटांनी वाढते, बंद ठेवली तर ठरल्या वेळी लिलाव संपतो. आडतवाल्या भाऊंना विकणाऱ्याची काळजी आहे ना? मग त्यालाच ठरवू द्या. जिथे वेळ वाढणार असं लिहिलेलं असेल तिथे मी जागून हातानं बोली लावीन.

भुसावळ_जंक्शन

निवड द्यायला माझी हरकत नाही, पण अट आहे. मुदतवाढ मुळातच चालू असावी आणि नको असेल त्यानं ती बंद करावी. पेटी उघडून पहिल्यांदा विकायला बसलेला माणूस कुठल्याही पर्यायाला हात लावत नाही, समोर येईल ते तसंच ठेवून पुढे जातो. त्याच्यासाठी तर मी हे मागतोय. तुम्ही 'बंद' हेच मुळात ठेवलंत तर काहीच बदलणार नाही.

तांब्याचं_नाणं

इथे आपलं जुळणार नाही. मुळातच चालू ठेवली की जाणकार आधी बोली लावायचेच बंद होतील, एकमेकांत ठरवून एकालाच पुढे करतील. मग तुमच्या पेटीवाल्याला चढाओढ मिळणार कुठून?

आडतवाला

ठरवून एकाला पुढे करणं आमच्याकडेही होतं, नाही म्हणत नाही. पण तेव्हा शेतकरी ढीग उचलून 'आज देत नाही' म्हणू शकतो. तुमच्या साइटवर बोली सुटल्यावर विकणाऱ्याला तसं म्हणता येतं का? राखीव किंमत ठेवली नसेल तर आलेल्या भावात वस्तू द्यावीच लागते. आधी त्याचं उत्तर द्या, मग मुदतवाढीचं बोलू.