मदत हवी आहे : न्गुगींचं तुरुंगातलं लेखन मराठीत?

मंडळी, पुढच्या वाचनगटात केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्यावर बोलायचंय. १९७७ साली केनियातल्या कामिरिथू गावच्या शेतकरी-कामगारांनी गिकुयू या तिथल्या भाषेतलं त्यांचं नाटक गावातल्या उघड्या नाट्यगृहात केलं. सरकारनं ते बंद पाडलं, आणि न्गुगींना खटला न चालवता वर्षभर डांबलं. तिथं त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. कैद्यांना त्रास व्हावा म्हणून दिलेला तो खरखरीत कागद लिहायला मात्र उत्तम! हे वाचल्यापासून डोक्यातून जातच नाही.

या कादंबरीचा किंवा त्यांच्या तुरुंगातल्या आठवणींचा मराठी अनुवाद कुणी पाहिलाय का? हिंदीही चालेल. १९८२ साली पोलिसांनी कामिरिथूचं ते नाट्यगृहच पाडलं. त्यावर मराठीत कुणी लिहिलं असेल तर तेही नक्की कळवा.