शब्दचर्चा : उल्का, अशनी आणि अशनीतलं लोह

गिरगावकर
मुंबईतल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अशनींची खनिजं आणि रसायन यावर मराठी फलक लिहायचे आहेत. जमिनीवर सापडलेल्या दगडाला उल्का म्हणावं की अशनी? अशनीतल्या कॉन्ड्रूल नावाच्या दाण्यांना ‘गोलक’ चालेल का? ‘लोहाचं प्रमाण’ एवढंच लिहून भागेल का? आणि काही अशनींत सापडणाऱ्या मॅस्केलिनाइट या काचेला खनिज म्हणायचं का?

माटुंगेकर
आकाशात दिसते ती उल्का, हातात घेता येतो तो अशनी. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार दिलेत : धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत आणि तारा. मोठा आवाज करत, जमीन फोडत पडते ती अशनि. म्हणजे आजचा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही. संस्कृतात हा शब्द पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही चालतो. मराठीत ‘अशनी पडला’, ‘दोन अशनी सापडले’ असंच लिहा. उल्कापाषाण चूक नाही, पण निव्वळ धातूच्या तुकड्याला पाषाण म्हणताना जीभ अडखळते.

पवईकर
तुमचा लोहाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, तिथेच फलक हमखास चुकतात. साध्या कॉन्ड्राइट, म्हणजे कॉन्ड्रूल असलेल्या दगडी, अशनीत लोह तीन ठिकाणी असतं. निकेलबरोबर मिश्रधातूत, म्हणजे कामासाइट आणि टेनाइटमध्ये, गंधकाबरोबर ट्रॉइलाइटमध्ये, आणि ऑक्सिजनशी जोडलेलं ऑलिविन व पायरॉक्सीन या सिलिकेटांमध्ये, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या खनिजांमध्ये. नुसतं ‘लोहाचं प्रमाण’ म्हटलं की यातलं कोणतं, ते कळत नाही. म्हणून ‘एकूण लोह’, ‘धातुरूप लोह’ आणि ‘सिलिकेटांमधलं लोह’ असे तीन शब्दप्रयोग वेगळे ठेवाच.

हे किती उपयोगी पडतं ते साध्या कॉन्ड्राइटच्या एच, एल आणि एलएल या तीन गटांच्या नावांत दिसतं. एच गटात एकूण लोह जास्त, एल गटात कमी. एलएलमध्ये एकूण लोहही कमी आणि धातुरूप लोह तर फारच कमी. एचमध्ये धातू वजनाने साधारण १५ ते १९ टक्के, एलएलमध्ये ०.३ ते ३ टक्के. ऑलिविनमध्ये चित्र बरोबर उलटं होतं. त्यातला फायालाइटचा, म्हणजे लोहवाल्या घटकाचा, वाटा एचमध्ये १६ ते २० मोल टक्के (वजनाने नव्हे, रेणूंच्या संख्येने), एलमध्ये २१ ते २५ आणि एलएलमध्ये २६ ते ३२ असतो. धातू घटतो तसं सिलिकेटांमधलं लोह वाढतं, कारण तेच लोह ऑक्सिजनशी बांधलं गेलेलं असतं. शिवाय उरलेल्या धातूत निकेलचा वाटा वाढत जातो. खनिजशास्त्रज्ञ जॉर्ज प्रायर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेला नियम तो हाच. मुलांना हे एका तक्त्यात दाखवलंत तर रसायनाचा अर्धा फलक तिथेच होतो.

मात्र एका कणाचा आकडा घेऊन गट ठरवू नका. गुजरातेत २८ जानेवारी १९७६ रोजी पडलेला धजाळा अशनी हा एच ३.८, म्हणजे एच गटातल्या ३ या प्रकारचा आहे. ३ या प्रकारात खनिजं एकमेकांशी रासायनिक समतोलात आलेली नसतात, त्यामुळे शेजारशेजारच्या ऑलिविन कणांतही फायालाइट वेगवेगळं भरतं. वीसेक कण मोजून सरासरी आणि विचलन दोन्ही द्यावं लागतं.

माटुंगेकर
‘लोखंड’ शब्दाचं काय?

पवईकर
मूलद्रव्य म्हणायचं असेल तिथे लोह. लोखंड हा घडवलेला पदार्थ. अशनीच्या वर्णनात तो शब्द नको. ‘लोह-अशनी’ म्हणा.

शिवडीकर
‘गोलक’ नको. कॉन्ड्रूल म्हणजे वितळलेले सिलिकेटचे थेंब झटकन थिजून झालेले दाणे. आकार सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून काही मिलिमीटरपर्यंत. त्यातले कितीतरी फुटके असतात. उलट मालाड-कांदिवलीच्या खाणींतल्या बेसाल्टमध्ये झिओलाइट या फिकट खनिजाने भरलेल्या गोल पोकळ्या असतात आणि त्या बघून लोक तो दगड अशनी म्हणून घेऊन येतात. ‘गोलक’ शब्द हाच गोंधळ वाढवेल. कॉन्ड्रूलच ठेवा आणि खाली एका ओळीत अर्थ द्या.

मॅस्केलिनाइटबद्दल : खनिजाच्या व्याख्येत स्फटिकरचना येते आणि ही तर काच आहे. खनिजशास्त्रज्ञ चेरमाक यांनी १८७२ साली तिचं वर्णन केलं ते बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या, मंगळावरून आलेल्या अशनीतून. धडकेच्या दाबाने प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजाची रचना मोडते, पण कणाची बाह्यरेषा तशीच राहते. लोणारच्या धडक बसलेल्या बेसाल्टमध्येही ती सापडते. म्हणून ‘धडकेने झालेली प्लॅजिओक्लेज काच’ असं लिहा.

दाखवायची असेल तर ३० मायक्रॉन जाडीचा काप घ्या, सूक्ष्मदर्शकाचे दोन्ही ध्रुवक (प्रकाश एकाच दिशेत कंपू देणाऱ्या गाळण्या) काटकोनात ठेवा आणि काप फिरवा. प्लॅजिओक्लेज पूर्ण फेरीत चार वेळा काळं पडून पुन्हा उजळतं. मॅस्केलिनाइट कुठेही फिरवलं तरी काळंच. काप चिकटवायची एपॉक्सी राळ भरलेलं छिद्रही असंच काळं दिसतं, तेव्हा इलेक्ट्रॉन प्रोबवर (इलेक्ट्रॉन शलाका टाकून कणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) कॅल्शियम, सोडियम आणि ॲल्युमिनियम तपासून घ्या. तिथे शलाका ५ ते १० मायक्रॉनपर्यंत पसरवावी, नाहीतर सोडियम जागेवरून सरकतं आणि आकडा कमी येतो.

गिरगावकर
आभारी आहे. नमुन्यांवरच्या तपकिरी थराला ‘कवच’ लिहिलंय, ते बरोबर?

शिवडीकर
नाही, तो गंज. कवच म्हणजे वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळून बनलेला थर. ताजा असताना तो सहसा काळा आणि एक मिलिमीटरहून पातळ असतो. मुंबईच्या पावसाळी हवेत नमुना उघडा ठेवला आणि त्यात क्लोराइड शिरलेलं असलं, की धातूचे कण आतून गंजून फुगतात आणि दगडाला तडे जातात. कापायचा झाला तर नळाचं पाणी न वापरता आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मांडणीच्या पेटीत निळं सिलिका जेल ठेवा. ते गुलाबी झालं की सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवून परत वापरता येतं. आणि ‘चुंबक लावून पाहा’ असं फलकावर मुळीच लिहू नका. जोरदार चुंबकाने अशनीतलं मूळचं चुंबकत्व पुसलं जातं आणि पुढच्या अभ्यासाला तो नमुना बाद होतो.