वॉर्सॉचं ‘जुनं शहर’ १९५३ सालचं असेल, तर जुन्या वस्तीचं काय उरलं?

मोजपट्टी:
नमस्कार मंडळी. वास्तुकलेच्या प्रबंधासाठी वॉर्सॉचं जुनं शहर (पोलिश लोक ‘स्तारे म्यास्तो’ म्हणतात) घेतलं आहे. जर्मनांविरुद्धच्या १९४४ च्या उठावानंतर ते जाळून, सुरुंग लावून उद्ध्वस्त झालं आणि १९५३ पर्यंत ‘जसंच्या तसं’ उभं राहिलं, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. माझी शंका या ‘जसंच्या तसं’बद्दलच आहे. दर्शनी भिंती तशाच उभारल्या असतील, पण त्यांच्या मागची दाट वस्ती, चौक, परसातल्या इमारती, भाडेकरू, यांचं पुढे काय झालं? अठराव्या शतकातला चित्रकार कानालेत्तो याच्या चित्रांवरून शहर बांधलं हे कितपत खरं? जागेवर तीन दिवस मिळणार आहेत. काय पाहावं, काय मोजावं, तेही सांगा.

नकाशावही:
‘जसंच्या तसं’ हे शब्द प्रबंधातून आधी काढून टाका. काम ज्यांनी केलं त्यांचाही तसा दावा नव्हता.

१४ फेब्रुवारी १९४५ ला राजधानी पुनर्बांधणी कार्यालय सुरू झालं. पोलिश आद्याक्षरांवरून त्याला ‘बॉस’ म्हणतात. त्यातला ऐतिहासिक वास्तूंचा विभाग यान झाख्वातोविच यांच्याकडे होता. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता: कोणत्या काळातलं शहर उभारायचं? १९३९ सालचं उभारायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. एकोणिसाव्या शतकात घरांवर चढवलेले मजले आणि चौकांत दाटीवाटीने घुसवलेली बांधकामं ही त्यांच्या लेखी शहराला आलेली सूज होती. शक्य तिथे ते सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत मागे गेले. सेंट जॉन कॅथेड्रलला तर मध्ययुगीन माझोव्हियन (वॉर्सॉभोवतीच्या माझोव्हिया प्रांतातल्या) गॉथिक धाटणीचा दर्शनी भाग दिला. युद्धापूर्वी तिथे एकोणिसाव्या शतकातला, इंग्लिश गॉथिकच्या नकलेचा दर्शनी भाग होता. तो त्यांनी जाणूनबुजून परत आणला नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जुन्या शहरातला भूखंड तोंडाला अरुंद आणि आत खोल. पुढे रस्त्यावरचं घर, मग चौक, मग मागची इमारत, कधी बाजूने दोन्हींना जोडणारा अरुंद भाग. पुण्याच्या पेठांमधला वाडा डोळ्यांपुढे आणा, मांडणीचं तत्त्व जवळपास तेच. गरीब भाडेकरू बहुतेक मागच्या भागात. पुनर्बांधणीत पुढची घरं उभी राहिली, मागच्या इमारती बऱ्याच ठिकाणी गाळल्या आणि शेजारशेजारचे चौक एकत्र करून मोकळी हिरवी अंगणं केली. हवा-उजेड आला, स्नानगृहं आली, राहणीमान निश्चित सुधारलं. पण भूखंडांच्या मागच्या हद्दी पुसल्या गेल्या, आणि माझ्या मते मोठं नुकसान हेच आहे. दर्शनी भिंत चित्रावरून पुन्हा काढता येते. पाचशे वर्षांत विक्री, वाटण्या आणि भांडणांतून घडत गेलेली हद्द एकदा मोडली की ती रंगवून परत येत नाही.

जागेवर असं करा. बाजारचौकाच्या (साधारण ९० × ७३ मीटर) एका बाजूला उभे राहा आणि रंग, कंगोरे, खिडक्यांच्या ओळी यांवरून घरं मोजा. मग त्याच बाजूचे प्रत्यक्ष वापरात असलेले दरवाजे मोजा. मग मागून जाऊन जिने मोजा. तिन्ही आकडे सगळीकडे जुळत नाहीत, कारण काही ठिकाणी दोन दर्शनी भिंतींमागे एकच जिना आहे. चौकाच्या देकेर्त नावाच्या बाजूवरच्या संग्रहालयात तर ११ घरं आतून जोडलेली आहेत. तिकीट काढून आत जा आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाताना जमिनीची पातळी कुठे बदलते तेवढं टिपून ठेवा. जुन्या भिंतीची जागा ओळखायला त्याचा उपयोग होतो.

तटबंदीही विसरू नका. आज ती मोकळी, हिरवळीत उभी दिसते. युद्धापूर्वी तिच्या अंगाला घरं चिकटलेली होती. ती पुन्हा बांधली नाहीत, म्हणून तट दिसतो.

कानालेत्तोबद्दल: वॉर्सॉचा ‘कानालेत्तो’ म्हणजे बेर्नार्दो बेलोत्तो. व्हेनिसचा प्रसिद्ध कानालेत्तो त्याचा मामा. बेलोत्तोची चित्रं १७७० च्या दशकातली, राजा स्तानिस्वाव ऑगुस्तसाठी काढलेली. त्यांचा खरा उपयोग झाला तो क्राकोव्हस्क्ये प्शेद्म्येश्चे आणि म्योदोवा या रस्त्यांवरच्या राजवाड्यांसाठी आणि चर्चसाठी. जुन्या शहराच्या बाजारचौकासाठी मुख्य आधार होता वॉर्सॉ पॉलिटेक्निकच्या वास्तुकला विभागाने युद्धापूर्वी आणि युद्धकाळात केलेल्या मोजणी-आराखड्यांचा. उठावानंतर ते शहराबाहेर काढून पिओत्रकूफच्या मठात लपवले, म्हणून वाचले. चित्राची गोष्ट ऐकायला छान वाटते, पण चौकट किती इंच आत बसवायची हे चित्र सांगत नाही. ते मोजणी सांगते.

चुनाविटा:
वरचं सगळं मान्य, पण चर्चा फक्त बाजारचौकाभोवती फिरू नये. पुनर्विकासाचा सर्वांत खोल घाव रस्त्यांचा आहे.

पूर्व-पश्चिम मार्ग (त्रासा वू-झेट) १९४७ ते १९४९ मध्ये झाला आणि २२ जुलै १९४९ ला खुला झाला. पूल कियेर्बेझ पुलाच्या शाबूत राहिलेल्या खांबांवर उभारला. पूर्वी नदीवरून शहरात चढणारा रस्ता पांत्सेर पुलावरून थेट किल्ल्याच्या चौकात येत असे. नवा रस्ता खाली उतरवून सुमारे १९५ मीटरच्या बोगद्यातून नेला. त्यामुळे चौकातली वाहतूक नाहीशी झाली. आज तिथे जी शांतता जाणवते ती अठराव्या शतकाची नाही, या बोगद्याची आहे. चौकाच्या कोपऱ्यावरच्या यॉन घरातून खालच्या रस्त्यावर उतरणारा सरकता जिना त्याच योजनेचा भाग. तिथून उतरून बोगद्याच्या तोंडाशी उभे राहा, जुन्या आणि नव्या पातळीतला फरक नजरेने कळतो.

घोटाळा कुठे झाला तेही नोंदवा. रस्त्यासाठी टेकाडाचा पायथा कापला गेला आणि वरचा उतार सरकू लागला. काठावरच्या सेंट ॲन चर्चला तडे गेले. भिंतीला टेकू देऊन भागणार नव्हतं, कारण दोष भिंतीत नव्हता, खालच्या ओल्या मातीत होता. अभियंता रोमुआल्द त्सेबेर्तोविच यांनी जमिनीत विजेचे ध्रुव पुरून प्रवाह सोडला, रसायनं मातीत ओढवली आणि माती घट्ट केली. चर्च वाचलं. उताराच्या माथ्यावर जुनी वास्तू असेल तर आधी पाणी कुठून वाहतं ते शोधा आणि मगच पायथ्याला हात लावा, असं कोणत्याही डोंगरउताराच्या कामात सांगतात. इथे तो क्रम उलटा झाला.

नोव्ही श्व्यात रस्ताही पाहा. आजची ठेंगणी, एकसारखी रांग हा युद्धानंतरचा निर्णय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे उंच भाड्याच्या इमारती घुसल्या होत्या. त्यांचे वरचे मजले परत दिले नाहीत. महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या नकाशात १९३५ आणि १९४५ सालच्या हवाई छायाचित्रांचे थर आहेत. निघण्यापूर्वी दोन्ही एकाच मापात छापून घ्या. १९४५ च्या छायाचित्रात भिंती उभ्या दिसतात पण आत पोकळी आहे, अशा इमारती वेगळ्या रंगाने खुणावा. त्यातल्या कोणत्या दुरुस्त झाल्या आणि कोणत्या पाडल्या, हा तुमचा खरा तक्ता.

सातबारा:
जमिनीचा प्रश्न कुणीच काढला नाही, आणि त्याशिवाय हे शहर समजत नाही.

२६ ऑक्टोबर १९४५ चा हुकूम, तेव्हाचे कम्युनिस्ट नेते बियेरुत यांच्या नावावरून लोक त्याला बियेरुत हुकूम म्हणतात. वॉर्सॉतली जमीन महापालिकेची झाली. इमारतीवर मालकाचा हक्क कागदावर राहू शकत होता, पण जमीन पालिकेच्या ताब्यात गेल्यापासून सहा महिन्यांत भाडेपट्ट्याचा अर्ज करायचा होता. अर्ज बहुतेक नाकारले गेले किंवा पडून राहिले. १९५० मध्ये जमीन सरकारकडे गेली. भाडेपट्ट्याच्या जमिनीवरची सोसायटी पाहिलेल्यांना जमीन आणि बांधकाम वेगळं केलं की काय होतं, हे समजावून सांगायला नको.

या हुकुमाशिवाय चौक एकत्र करणं अशक्य होतं. शेकडो वारसांची संमती कोण गोळा करणार? पण जुने मालक आणि भाडेकरू परत येणं थांबलं तेही यामुळेच. जुन्या शहरातली घरं कामगार वसाहती उभारणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत झाली आणि सदनिका वाटपाने दिल्या गेल्या. १९८९ नंतर जुने हक्क पुन्हा वर आले, दाव्यांची खरेदी-विक्री झाली, भाडेकरूंना घरं सोडावी लागली आणि २०१७ मध्ये असे निकाल तपासायला खास आयोग नेमावा लागला.

वॉर्सॉतल्या मुरानूफ या भागातही नक्की जा. युद्धापूर्वीची दाट ज्यू वस्ती, नंतर घेटो (नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेली बंदिस्त वस्ती), आणि ज्यूंच्या १९४३ च्या उठावानंतर सपाट केलेला ढिगारा. वास्तुविशारद बोहदान लाखेर्त यांनी तो राडारोडा हलवण्याऐवजी त्याचेच चौथरे केले आणि त्यावर घरं उभारली. म्हणून रस्त्यावरून दाराशी जायला पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांखाली लोकांची घरं आहेत, हे मोजमाप घेताना मनात असू द्या. लाखेर्तना भिंती गिलाव्याविना ठेवायच्या होत्या. पुढे त्यांवर गिलावा चढवला गेला.

मोजपट्टी:
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच उपप्रश्न: विटेच्या मापावरून मूळ भिंत आणि १९५० च्या दशकातली भिंत ओळखता येईल का? आणि मुरानूफच्या घरांतले राडारोड्याच्या काँक्रीटचे ठोकळे कसे ओळखायचे?

चुनाविटा:
वीट एकटी पुरावा नाही. आजची वीट साधारण ६.५ सेंमी जाड, गॉथिक वीट ८-९ सेंमीपर्यंत. पण १९५२ ते १९५४ मध्ये उभारलेल्या बार्बिकन (वेशीपुढच्या तटबंदीच्या) बुरुजाला निसा आणि व्रोत्सवाफ इथल्या जुन्या इमारतींच्या विटा वापरल्या आहेत. म्हणजे वीट अस्सल जुनी, भिंत नवी, आणि दुसऱ्या गावांची तेवढी जुनी भिंत कायमची गेली. म्हणून सांधा पाहा. चुन्याचा सांधा पांढुरका आणि मऊ, सिमेंटचा करडा आणि टणक. शिवाय एकाच थरात तीन-चार मापांच्या विटा दिसल्या की त्या पाडकामातल्या समजा.

ठोकळे म्हणजे चुरलेली वीट, सिमेंट आणि पाणी. गिलावा निघालेल्या जागी लालसर खडे दिसतात. विटेचा चुरा आधी भिजवला नाही तर तो मिश्रणातलं पाणी पितो आणि सिमेंट उपाशी राहतं. चुऱ्यात गिलाव्याचं जिप्सम राहिलं तर ओलीने ते फुगतं आणि ठोकळा आतून फुटतो. मुरानूफमध्ये तडा दिसला तर त्याची दिशा टिपा. तिरका, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला असेल तर बहुधा चौथरा असमान खचला आहे, कारण राडारोड्याखाली जुन्या तळघरांच्या पोकळ्या आहेत. जाळीसारखे बारीक तडे असतील तर दोष गिलाव्यात.

शेवटी क्रासिन्स्की बागेच्या पश्चिम कडेला जा. नालेव्की या गजबजलेल्या बाजाररस्त्याचा एक तुकडा तिथे जुन्या दगडी फरसबंदीसह आणि ट्रामच्या रुळांसह उरला आहे. रुळांची दिशा होकायंत्राने घ्या आणि १९३५ च्या छायाचित्रावर ती रेघ उत्तरेला वाढवा. आज ती घरांच्या अंगणांतून जाते.