मदत हवी आहे : ल्यूटचे खर्जाचे स्वर गिटारवर कसे बसवावेत?

मी शास्त्रीय गिटार वाजवते आणि सध्या मिकेलान्जेलो गॅलिली (खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओ यांचा धाकटा भाऊ) याच्या १६२० साली म्युनिकमध्ये छापलेल्या ल्यूटच्या (जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या) पुस्तकातील एक तोकाता (मुक्त शैलीतील वाद्यरचना) बसवत आहे. गिटारची तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवून तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला, की ल्यूटच्या पहिल्या सहा जोडतारांची (जोडीने वाजणाऱ्या तारांची) स्वरजुळणी मिळते आणि मूळ टॅब्लेचर (कोणत्या तारेवर कोणता पडदा धरायचा हे दाखवणारी लिपी) थेट वाचता येते. ते फ्रेंच पद्धतीने अक्षरांत लिहिलेले आहे. इटालियन आकड्यांच्या पद्धतीत सर्वांत वरची रेघ खर्जाच्या तारेची असते, तो उलटा कारभार येथे नाही, हे माझे नशीबच.

खरी अडचण सहाव्या तारेच्या खाली आहे. हे संगीत दहा जोडतारांच्या ल्यूटसाठी असल्यामुळे शेवटच्या चार जोडतारांचे स्वर गिटारवर मिळतच नाहीत. ल्यूटच्या दहाव्या जोडतारेचा स्वर एक सप्तक वर घेतला, तर तो गिटारच्या मोकळ्या पाचव्या तारेवर येतो आणि माझे बोट नेमके त्याच तारेवर मधला स्वर धरून बसलेले असते. मग एक तर तो मधला स्वर अर्ध्यातच तुटतो, नाहीतर खर्ज सोडावा लागतो. सहावी तार एका स्वराने उतरवून पाहिली, पण त्यामुळे ल्यूटच्या सातव्या जोडतारेपुरतीच सोय होते आणि सहाव्या तारेवरील प्रत्येक अक्षर दोन पडदे पुढे वाचावे लागते.

अशा जागी आपण कोणता स्वर सोडता? दहा तारांची गिटार वापरणाऱ्यांनी खालच्या तारा कशा जुळवल्या आहेत, हेही कृपया सांगावे.